मामाची मंगलाष्टकं

भाचीच्या, अंतराच्या लग्नात त्र्यंबकरावांच्या पदरात पडण्यासारखं बरंच होतं. कल्याणचा हॉल, हातात माईक, स्वतः रचलेली पाच मंगलाष्टकं आणि तीनशे माणसं. प्रत्येकाच्या मुठीत अक्षता, म्हणजे मध्येच उठून जायची सोय नाही. असे श्रोते डोंबिवलीतल्या एकाही कवीला आजवर लाभले नव्हते.

अडचण एवढीच, की चार महिने घशात कफाचा चिकट गोळा ठाण मांडून होता. ओळीआधी खाकरायचं, ओळीनंतर खाकरायचं.

"दादा, शूटिंग आहे," बहीण सुमेधा फोनवर म्हणाली. "घसा मोकळा झाला नाही तर गुरुजीच म्हणतील, असं अंतरा म्हणतेय. आणि गुरुजींचा आवाज गोड आहे हो!"

टोमणा वर्मी बसला. सुंठ-मिरी-लवंगेचा जहाल काढा सुरू झाला. रात्री दहाला जेवण, मग तालीम, वर काढा आणि लगेच आडवं. सकाळी कफ दुप्पट. म्हणून काढाही दुप्पट.

शेवटी बायकोनं, शुभदानं, त्यांना ठाण्याला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दिशा मॅडमनी दुर्बीण घालून पाहिलं.

"काका, सर्दी नाही, ॲलर्जीही दिसत नाही. जेवून लगेच झोपता, म्हणून पोटातलं आम्ल घशाशी येतं. घसा स्वतःला वाचवायला कफ करतो. तुम्ही खाकरून त्याला सोलता, तो आणखी कफ करतो."

"पण काढा तर नैसर्गिक!"

"मिरचीही नैसर्गिकच असते, काका."

काढा बंद झाला. चहा एकच कप. जेवण सातला, झोप दहानंतर. खाकरावंसं वाटलं की कोमट पाण्याचा घोट. आणि डबलबेडच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

"आम्ल तुमचं, घसरगुंडी मला!" पहिल्याच पहाटे शुभदा पायथ्याशी जागी झाली, तेव्हा म्हणाली. पण विटा काही तिनं काढल्या नाहीत.

महिन्याभरात गोळा विरघळायला लागला.

लग्नात चार मंगलाष्टकं स्वच्छ गेली. पाचव्याला घशात चिकटलंच काहीतरी. त्र्यंबकराव खाकरणार, तोच पहिल्या रांगेतून शुभदाचा हात पुढे आला; हातात थर्मासचं झाकण, झाकणात कोमट पाणी. एक घोट, आणि 'सावधान' असं घुमलं की गुरुजींनीही मान डोलावली.

"दादा, डॉक्टरांना पेढे पाठव हं!" सुमेधा म्हणाली.

"पाठवतो," म्हणत त्र्यंबकरावांनी आधी शुभदाचं ताट वाढून आणलं. माईक त्यांना मिळाला, शूटिंग सुमेधाला, श्रेय डॉक्टरांना. सातचा स्वयंपाक गाठायला मैत्रिणींबरोबरचं सहाचं फिरणं दीड महिना सोडलं ते शुभदानं, आणि तेवढ्या सगळ्या रात्री उतारावर झोपली तीही शुभदाच.