नबीभाईची कमान आणि नाव न सांगणारी पोर

मित्रांनो, मी कापूस पिंजायची जुनी कमान आहे. आधीच सांगून ठेवते, मी लई भित्री. लाकडाच्या दांड्याला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बकऱ्याच्या आतड्याची तात ताणलेली आहे. तिला उंदीर कुरतडतात. ओल लागली की ती सैल पडते. आणि विस्तवाचं तर नावच काढू नका, माझा सगळा जन्म कापसात गेलाय.

चकलांब्याच्या बंकट सुताराने मला घडवलं. एक डोळा मिटून तो दांडा न्याहाळायचा आणि पुटपुटायचा, "वाकडी झाली तर नबी शिव्या घालंल." मी वाकडी झाले नाही. नबीभाई पिंजाऱ्याने मला खांद्यावर टाकलं आणि आम्ही गावोगाव हिंडू लागलो. थंडीच्या तोंडावर आम्हाला मोठा मान असायचा. बायका दबलेल्या गाद्या उसवून कापूस अंगणात आणून टाकायच्या. नबीभाई लाकडी ठोकळ्याने तातीवर टोला हाणायचा, तुंय तुंय आवाज निघायचा आणि कापूस फुलून वर उडायचा. "नबीभाईच्या हाताला गुण हाय," असं बायका म्हणायच्या. हात त्याचा होता हे खरं, पण मार मी खात होते. माझं नाव कुणी काढलं नाही. असो.

घरी त्याची बायको अकबरी आणि सहा वर्षांची चाँदबी होती. ही पोर फार बोलकी. कोंबडीशी बोलायची, रांजणाशी बोलायची, माझ्याशीही बोलायची. तिच्या बडबडीला मी कंटाळायचे, हे आज कबूल करते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं आता पुन्हा एकमेकांच्या लग्नात जेवतात, उगाच कशाला. त्या साली गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. वरल्या आळीने आधी भरायचं की खालच्या आळीने, यावरून रोज बाचाबाची व्हायची. आमचं घर विहिरीला लागूनच होतं.

एका दुपारी नबीभाई ओसरीत कापूस पिंजत बसला होता. माझा आवाज चालू असतानाच पहिला दगड आला. वरल्या आळीची माणसं काठ्या घेऊन धावत येत होती. नबीभाईने मला भिंतीला टेकवलं आणि तो दोन्ही हात वर करून मधे गेला. "आरं, लेकरं हायेत हितं," एवढंच तो म्हणाला. दगड त्याच्या कपाळावर बसला आणि तो उठलाच नाही. मग कुणीतरी पेटलेलं चिपाड आमच्या छपरावर फेकलं. ओसरीत कापसाचा ढीग होता. पुढचं मला सांगवत नाही.

वेशीपाशी काय झालं ते मला मागाहून कळलं. दुष्काळी कामावर माणसं नेणारा ट्रक तिथे निघण्याच्या बेतात होता. अकबरीने चाँदबीला त्यात अनोळखी बायकांच्या मधे कोंबलं आणि नावावरून वरल्या आळीचं कुणी ओळखेल या भीतीने तिच्या कानाशी लागून बजावलं, "कुनालाबी नाव सांगू नको. कुनाची पोर म्हून विचारलं तरी तोंड उघडायचं न्हाई. समजलं?" पोरीने मान हलवली. अकबरी नवऱ्यासाठी माघारी पळाली. त्याला मातीही नीट देता आली नाही. वेशीपाशी परत आली तेव्हा ट्रक गेला होता, कुठल्या कामावर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धावपळीत मी अंगणात फेकली गेले होते म्हणून वाचले; जळक्या घरातून तिच्या हाती फक्त मी लागले.

शिरूर कासारच्या एका जुन्या धर्मशाळेत आम्हाला आसरा मिळाला. तिथे वत्सलाबाई नावाच्या एक बाई बायका-मुलांसाठी केंद्र चालवायच्या. त्यांचं बोलणं तुटक, पण कुणाला उपाशी झोपू द्यायच्या नाहीत. दुष्काळात मिळणारं सुकडीचं पीठ वाटता वाटता त्या एक दिवस म्हणाल्या, "किती दिवस ओंजळ पुढं करणार? हाताला काम पाहिजे." मग अकरा बायकांची गाद्या-रजयांची सहकारी संस्था उभी राहिली. शिवणाऱ्या पुष्कळ होत्या, पण पिंजणार कोण? पिंजाऱ्यांच्या बायका घरात कापूस वेचतात, निवडतात. कमान मात्र पुरुषाची. अकबरी पुढे आली. तिने मला उचललं. पहिल्याच टोल्याला तात निसटून तिच्या गालावर वळ उठला आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तिने गाल पुसला आणि दुसरा टोला हाणला.

त्या अकरा जणींत केशरबाई होती, वरल्या आळीची. तिचा दीर त्या दिवशीच्या दंगलीपायी तुरुंगात होता आणि नवऱ्याचा पत्ता नव्हता. ती पार कोपऱ्यात पाठ करून बसायची. तिच्या हातात गादी टाचायची लांब सुई असे आणि अकबरीच्या हातात मी. दोघी एकमेकींकडे बघतही नसत. कधी एखादीचा तोल जाईल, या धास्तीने माझी तात दिवसभर थरथरायची.

वत्सलाबाईंनी जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांना पत्रं घातली. चाँदबी नबी पिंजारी, वय सहा, आहे का? शिरस्ता असा की पत्र पोचलं की तिथे मुलांची हजेरी घेत आणि नाव पुकारत. प्रत्येक ठिकाणाहून एकच उत्तर यायचं, या नावाची मुलगी नाही. उत्तर आलं की अकबरीचा टोला चुकायचा. ट्रक उलटला असेल, पोर कुणी पळवली असेल, असलं काहीबाही तिच्या मनात यायचं आणि मलाही ते खरं वाटायचं.

सातवं पत्र नाही म्हणून आलं त्या दिवशी कोपऱ्यातून केशरबाई बोलली, पाठ न वळवताच. "पोरीला धाडताना काय सांगितलं व्हतंस?"

अकबरीने ठोकळा खाली ठेवला. मग म्हणाली, "नाव सांगू नको म्हनले."

सगळ्यांचे हात थांबले. वत्सलाबाईंनी हातातलं सातवं उत्तर खाली ठेवलं. तीन महिने त्या जिल्हाभर एकच नाव पुकारायला लावत होत्या आणि ती शहाणी पोर आईचा शब्द पाळत होती. अकबरी कपाळ बडवून घेऊ लागली. "मीच हरवली तिला," एवढंच ती म्हणत होती. तिचे हात केशरबाईने उठून धरले.

नवी पत्रं गेली. नाव न सांगणारी मुलगी आहे का? आठ दिवसांत धर्मापुरीच्या केंद्रातून उत्तर आलं. एक आहे. सगळे तिला मुकी म्हणतात. येत्या सोमवारी तिला दूरच्या मुक्या मुलांच्या शाळेत पाठवायचं ठरलंय.

शनिवारी सकाळीच अकबरी निघाली. मला मागे ठेवायला तिचा जीव होईना. केशरबाई न विचारता सोबत आली. कंडक्टर मला टपावर टाका म्हणत होता, केशरबाईने त्याला असं काही सुनावलं की तो पुढे सरकला. पोर दुसऱ्याच कुणाची निघाली तर, या विचाराने मी वाटभर गारठून गेले होते.

चाँदबीच होती. अंगणात उभी होती, हाडं वर आलेली. पण आईला बघून ती जागची हलली नाही. ते केंद्र चालवणाऱ्या मुक्ताबाईंनी विचारलं, "ही तुझी आई का?" पोरीने ओठ घट्ट मिटले. अकबरीने मला खांद्यावरून उतरवलं. तिने ठोकळा काढून माझ्या तातीवर टोला हाणला. मला वाटलं, बापाच्या कमानीचा आवाज ऐकून पोर धावत येईल. ती किंचाळली आणि बाकाखाली शिरली. तो दगड माझ्या आवाजातच आला होता ना. इतकी लाज मला कधीच वाटली नाही.

मुक्ताबाई अवघडल्या. "पोर ओळख देत नाही. अशी कशी देऊ मी हिला?"

बाकाखालून पोर एकटक बघत होती ती केशरबाईकडे. तिने वरल्या आळीची बाई ओळखली होती. केशरबाईला ते कळलं. ती जमिनीवर बसली, डोक्यावरचा पदर हातात धरून.

"लेकरा, मी केशर. वरल्या आळीची. आमच्याच मान्सांनी केलं ते. पुन्यांदा कुनी तुला हात लावायला आलं तर आधी मला तुडवावं लागंल. तुझी माय हाय ती. बोल तिच्यासंगं."

अकबरी रांगत बाकाशी गेली. "बेटा, मीच सांगितलं व्हतं न्हवं? आता मीच सांगते. बोल."

पोर आईकडे बघत राहिली. तीन महिने न वापरलेल्या आवाजात तिने आधी नाव सांगितलं नाही. तिने विचारलं, "अम्मा, अब्बा कुठं हाय?"

मुक्ताबाईंनी रजिस्टर मिटलं. त्यांना आणखी ओळख नको होती. अकबरीने पोरीला बाकाखालून ओढून पोटाशी धरलं आणि जे होतं ते सगळं तिला सांगितलं. तिघी तिथेच बसून रडल्या.

मित्रांनो, त्यानंतर संस्थेत मी वीस वर्षं राबले. मग पिंजायचं यंत्र आलं आणि मला खुंटीवर टांगलं. माझी तात कधीच तुटली, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या शाळेत एखादं नवं पोर येईल, कुठून आलं ते सांगणार नाही, नावही सांगणार नाही. त्याला मुकं म्हणू नका आणि चिडवू नका. कुणीतरी जीव वाचवायला त्याला गप्प राहायला सांगितलेलं असेल. त्याच्याशेजारी बसा, डबा उघडा आणि आधी तुमचं नाव सांगा.