हिरवा गालिचा

रंगमंचावर प्रेक्षकांतून संत्र्यांच्या साली येऊन पडू लागल्या आणि विंगेत उभ्या नाटककार हेस्टर पिनफोल्डला घाम फुटला. तेव्हाच्या लंडनचा रिवाज सरळ होता. खेळ संपला की एक नट पुढे येऊन म्हणणार, "उद्या हाच खेळ." लोक हो म्हणाले तर नाटक जगलं, नाही तर त्याच रात्री गाडलं. बाईने लिहिलेलं दुसरं नाटक मग कोण उभं करतंय?

"बाई, जाताना मागच्या गल्लीने जा," प्रॉम्प्टर क्रिस्प म्हणाला. "चिखल आहे, पण तो आपणहून अंगावर येत नाही."

तेवढ्यात मंचावरच्या नायिकेने हरवलेल्या कुत्र्यासाठी हंबरडा फोडला. लगेच मंचावरचं सामान मांडणारा म्हातारा गबिन्स आला आणि त्याने मधोमध हिरवा गालिचा अंथरला.

हा गालिचा शोकांतिकेतला. राजा मरून पडताना त्याच्या मखमलीला धूळ लागू नये म्हणून. गबिन्सचा जन्म शोकांतिकांत गेलेला; बाई रडली की गालिचा, एवढंच त्याला ठाऊक. आज विनोदी नाटक आहे हे त्याला सांगितलं होतं, पण त्याला ती थट्टा वाटली.

प्रेक्षकांची हुर्यो थांबली. हिरव्यावर कुणीतरी मरणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण कोण?

"उचला तो," हेस्टर कुजबुजली.

"आता उचलला तर लोक आपल्याला उचलतील," क्रिस्प म्हणाला.

जाड्या काकाचं काम करणाऱ्या क्विलेटने विंगेकडे पाहिलं. मरू का? तो मेला तर विनोद मेला. नाही मेला तर लोक फसवलं म्हणून बाकं मोडणार. हेस्टरने नकारार्थी मान हलवली आणि बोटाने हवेत गोल काढला. वळसा घाल.

क्विलेटने गालिच्याच्या काठावर चवडा टेकवला. खोकला. मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू आली.

"नको हो काका," वरच्या सज्जातून कुणीतरी कळवळलं.

त्याने पाय मागे घेतला आणि वळसा घातला. मग जे हसू फुटलं, ते वादळ समजून थेम्सवरच्या नावाड्यांनी होड्या किनाऱ्याला लावल्या म्हणे. शेवटचं लग्नसुद्धा नवरानवरीने गालिच्याच्या दोन्ही बाजूंनी हात लांब करून लावलं. "उद्या हाच खेळ" हे क्विलेटला म्हणूच दिलं नाही, लोकच ओरडले.

पुढे गालिच्याशिवाय ते नाटक कुणी केलं नाही. हेस्टर म्हातारी होऊन गेली, तेव्हा नटांनी चर्चमध्ये शवपेटीखाली तोच अंथरला. पाद्र्याने प्रार्थनेसाठी घसा खाकरला.

"थांबा हो जरा," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "बाई वळसा घालतील."

आणि पाद्रीही थांबला.