मोहाखालचा खराटा

भर दुपारी मुखरू भागीरथाच्या मोहाच्या झाडाखाली वाकून खराटा मारत होता, आणि आम्ही सारा गाव कामं टाकून पाहत होतो.

आमच्याकडे मोह गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जो झाडेल, त्या साली फुलं त्याची. गेल्या साली भागीरथाचा नवरा गेला. ती सुतकात घरात बसलेली, आणि दर साली ती झाडायची तो मोह मुखरूनं झाडून आपला केला. ती बोंबलली, पण गाव गप्प राहिलं. तो राग तिनं वर्षभर उरात जपला.

मग ग्रामपंचायत लागली. उभे पाच पॅनल होते, निकालानंतर उरले दोनच, एक मुखरूचं आणि एक मनकर्णाबाईचं. सुटे निवडून आलेले मेंबर पाऊस आल्यावर कोंबड्या छपराखाली शिरतात तसे इकडं नाहीतर तिकडं शिरले. भागीरथाही निवडून आली होती, पण तिच्याच पॅनलचा लटारूसुद्धा मुखरूकडे गेला. दोन्हीकडे डोकी सारखी झाली आणि मधात उरली एकटी भागीरथा. उपसरपंच कोण, ते आता तिच्या हातावर होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा मुखरू तिच्या ओसरीवर आला.

"बाई, तुहा हात पायजे. म्हनशीन ते करतो."

"माहा मोह झाडून दे. माह्या नावानं, साऱ्या गावासमोर. मंग पाहू."

"एवढंच?" मुखरू हसला. सौदा स्वस्तात पटला असं त्याला वाटलं.

झाडून झालं तसं भागीरथानं विचारलं, "आता सांग, मोह कोनाचा?"

"तुहाच, बाई."

साऱ्या गावानं ऐकलं.

मिटिंगीत मुखरूचं नाव पुकारलं, तर भागीरथाचा हात मांडीवरच. मनकर्णाबाईचं पुकारलं, तसा वर गेला.

"बेइमान हायेस तू," मुखरू म्हणाला.

"सुतकात बाईचं झाड लुटनाऱ्याशी इमान कायचं, भाऊ?"

मनकर्णाबाई पेढा घेऊन पुढं आली. "आता तू आमची, भागीरथा."

"मी कोनाची नाई. मी बोंबलत होतो तवा तू पारावर बसून पाहत होती. आता दर मिटिंगीत तुले माहा हात लागन." तिनं पेढा तोंडात टाकला. "नाल्याकाठी माहा आनखी एक मोह हाये. उद्या खराटा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई पदर खोचून नाल्याकडे निघाली. मुखरू दारातून पाहत होता. नवरा गेल्यापासून भागीरथाला हसताना आम्ही तेव्हाच पाहिलं.