पोच घेतलेलं पत्र

बावीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, माझ्या हातून कधी कागद हरवला नाही. आमच्या बिल्डरचं दिवाळं निघालं, कोर्टाने प्रशासक नेमला आणि त्याने घर बुक केलेल्या सगळ्यांकडून दावे मागवले. तेव्हा बाकीचे लोक पावत्यांसाठी माळे उपसत बसले होते. माझी फाईल तासाभरात तयार! एकोणचाळीस कागद, तारखेप्रमाणे, वर अनुक्रमणिका.

हे म्हणाले, "एवढं कशाला? करारनामा आणि पावत्या पुरेत की."

"तुम्ही तुमचा छापखाना सांभाळा," मी म्हटलं.

छापखान्यातून हे मार्चमध्ये निवृत्त होणार. तोवर भाड्याच्या दोन खोल्यांतून स्वतःच्या घरात जायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. सगळी पुंजी त्यातच घातली होती.

आज प्रशासकाच्या ऑफिसात बोलावणं होतं. टेबलामागची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने एकतिसाव्या कागदावर बोट ठेवलं.

"हे पत्र तुम्ही लिहिलंत?"

मीच. तीन वर्षं बांधकाम ठप्प, डोकं फिरलं होतं माझं. 'बुकिंग रद्द समजून पैसे परत करावेत.' मेला घाबरून कामाला लागेल, एवढाच हेतू. त्याने पैसेही दिले नाहीत आणि वीटही रचली नाही. नुसता शिक्का मारून पोच दिली.

"बुकिंग रद्द केलेल्यांना घर नाही, काकू. तुम्ही पैशांच्या यादीत. बँकांचं भागून काही उरलं तर मिळेल."

"मग तेवढा कागद काढून टाका ना."

"नोंद झालीय आता." तिने आवाज खाली आणला. "खरं सांगू? बिल्डरच्या दप्तरात हे पत्र नव्हतंच. तुम्ही जोडलं नसतं तर..."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मी फाईल उचलली.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. म्हटलं, आता आकाशपाताळ एक करतील. हे बराच वेळ बोटांना लागलेली शाई पुसत राहिले.

"जाऊ दे गं. तिसरा मजला माझ्या गुडघ्यांना झेपला नसता."

त्या इमारतीत दोन लिफ्ट होणार होत्या. नकाशा आम्ही दोघांनी मिळून पाहिला होता. मला त्यांनी निदान एक शिवी तरी द्यायला हवी होती.