मनोऱ्याला एक नाव हवं होतं

मेलेला माणूस मिळेना म्हणून ते आमच्याकडे आले. मी उगाच वाकडं बोलत नाही, जनरलनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेही माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून, मी दिलेला चहा पिऊन.

झालं असं की त्यांच्या बॅचला लष्करी अकादमीतून बाहेर पडून चाळीस वर्षं होत होती. चाळिशीला सगळी बॅच जमते आणि अकादमीला काहीतरी भेट देते, अशी रीत. आता द्यायचं काय, यावर या लोकांनी वर्षभर एकमेकांची डोकी खाल्ली. एकाला घोड्याचा पुतळा हवा, दुसऱ्याला घड्याळ, तिसरा म्हणे मेसला कॉफीचं मशीन द्या, पोरं दुवा देतील. वर्गणी ज्याच्या त्याच्या हुद्द्याप्रमाणे काढायची ठरली, तर रिटायर होऊन दहा वर्षं झालेले लोक अचानक आपण किती लहान हुद्द्यावर होतो ते पटवून द्यायला लागले. शेवटी अकादमीनंच कळवलं की पोहण्याच्या तलावावरचा उडीचा मनोरा गंजलाय, नवा द्या. एवढ्यावर भागलं असतं. पण अकादमीचा एक नियम आहे: भेटीवर जिवंत माणसाचं नाव लागत नाही. मेलेल्याचं नाव असेल तर झेंडे, बँड, फोटो, सगळं साग्रसंगीत. नाव नसेल तर एक कारकून येऊन पोच देऊन जातो.

"आणि आमच्या बॅचला लढाईच मिळाली नाही हो, ताई," जनरल म्हणाला. "जे गेले ते साखरेनं गेले, नाहीतर दारूनं. त्यांची नावं कशी लावणार? मग या चष्म्याला आठवलं, अरे, आपला दगड!" त्यानं शेजारी बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारली; चष्मा हे त्या सोबत्याचं अकादमीतलं नाव.

दगड म्हणजे माझा धाकटा भाऊ. पाण्यात टाकला की तळाला जायचा, म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव. विशीतलं पोर गेलं, आणि चाळीस वर्षांनी हे टोणगे माझ्यासमोर बसून 'आपला दगड' म्हणत गहिवरत होते. हातात माझी मोठी कात्री होती. ती मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

माझं शिलाईचं दुकान आहे. कपडे वाढवणं, घट्ट करणं, अस्तर बदलणं, असली कामं. मागच्या खोलीत आई असते. ती काठी टेकत बाहेर आली तशी दोघं ताडकन उठून उभे राहिले.

"त्याचं नाव लावणार?" आईनं विचारलं. "अकादमीत?"

"पितळी अक्षरांत, आई. तलावात शिरलं की पहिलं तेच दिसेल."

आईचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. तिला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती. अकादमीत हुतात्म्यांची भिंत आहे, पण ती लढाईत गेलेल्यांची. अकादमीतून ऑफिसर होऊन निघाले त्यांचा फलक आहे, पण हा निघालाच नाही. तिथे त्याचं नाव कुठेच नव्हतं. आईनं अर्ज केले, साहेबांना भेटली, प्रत्येक वेळी चहा पाजून तिला परत पाठवलं. ज्या घरातला मुलगा सरकारी गणवेशात मेला, त्या घराला नावसुद्धा मिळू नये, याचा तिला संताप होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

पण माझ्याजवळ आणखी एक गोष्ट होती.

धाकटा शेवटचा सुट्टीवर आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "मला परत जायचं नाही. त्या मनोऱ्यावरून उडी मारायला लावतात, माझ्यानं होत नाही." आई ताटावरून उठली. म्हणाली, "उडी मारल्याशिवाय या घराचं तोंड बघू नकोस." तो गेला. आठवड्याभरात त्याची ट्रंक परत आली. ती घेऊन आला चष्मा, त्याचा खोलीतला सोबती. काडीसारखा पोरगा होता तेव्हा. याच दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून तो हमसून हमसून रडला आणि त्यानं मला सगळं सांगितलं. एकानं उडी मारली नाही की अख्ख्या तुकडीला शिक्षा असायची, डोक्यावर रायफल धरून मैदानाला फेऱ्या. तीन दिवस याच्यापायी सगळे पळाले. चौथ्या दिवशी चौघं त्याच्या मागून वर चढले. त्यानं कठडा धरून ठेवला होता. त्यांनी त्याचं एकेक बोट सोडवलं आणि ढकलला. मग तो वर येईल म्हणून खाली सगळे टाळ्या वाजवत थांबले.

हे मी त्याच संध्याकाळी आईला सांगायला गेले. ती ट्रंकेतले शर्ट पुन्हा घडी घालत होती. मला बघून म्हणाली, "मारलीन ना शेवटी उडी? माझा शब्द राखला पोरानं." रडत नव्हती. मान ताठ होती. त्या मानेवर ती पुढे चाळीस वर्षं जगली. आता ते काढून घ्यायचं आणि तिला द्यायचं काय?

तर आता चष्मा पुन्हा त्याच दुकानात बसला होता, पोट सुटलेला, कानांवर पांढरे केस. आणि आईला सांगत होता, "तो एकटा वर चढला, आई. आम्ही म्हटलं, राहू दे रे. त्यानं आम्हाला सलाम ठोकला आणि मारली उडी. पोहता येत नाही, तरी! आम्ही दर वर्षी नव्या पोरांना सांगतो ही गोष्ट."

मला वाटलं, आईसाठी खोटं बोलतोय, बरं आहे. जाताना दोघांनी समारंभाचे ब्लेझर वाढवायला टाकले, फुकटात अर्थात, घरचंच दुकान. चष्मा मापाला आला तेव्हा त्याच्या पाठीच्या शिवणीत टाचण्या लावता लावता मी हळूच म्हटलं, "तुम्ही मला तेव्हा वेगळं सांगितलं होतंत."

"मी? काय सांगितलं होतं, ताई?"

आरशात मी त्याचे डोळे बघितले. अंगात टाचण्या टोचाव्यात तसं झालं मला. हा माणूस खोटं बोलत नव्हता! दर वर्षी ग्लास हातात घेऊन, एकेक घोट घेत, त्यांनी ती गोष्ट इतकी घोटली होती की खरी गोष्ट धुऊन गेली होती. म्हणून तर यांना मनोरा सुचला. ज्यावरून पोराला ढकलला, त्यालाच पोराचं नाव द्यायचं, आणि वर डोळे पुसायचे. मनात चोर असलेल्या माणसाला हे सुचणं शक्य नाही. त्याला निदान लाज तरी असते.

"काही नाही," मी म्हटलं. "श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, मग बटण तुटतं."

पुढे वर्गणी कमी पडली. पडणारच होती. जनरल पुन्हा आला आणि आडवळणानं म्हणाला की घरच्यांचाही वाटा असला तर शोभेल. मी त्याला दाराबाहेर काढणार होते. पण आईनं आतून बँकेचं पाकीट आणून त्याच्या हातात ठेवलं. तिच्या आजारपणासाठी ठेवलेली ठेव होती ती.

"अगं, उद्या पडलीस तर?" मी ओरडले.

"तू आहेस की," ती म्हणाली. माझ्या जिवावर उदार झाली बाई.

समारंभाच्या दिवशी मी तिला गाडीतून नेलं. तिनं ठेवणीतली शाल काढली होती. तलावाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, बँड होता, क्लोरीनच्या वासानं डोळे चुरचुरत होते. नवा मनोरा पांढरा स्वच्छ. जनरलनं पडद्याची दोरी आईच्या हातात दिली. तिनं ती ओढली आणि पितळी अक्षरं उघडी पडली. आई जवळ गेली, अक्षरांजवळ नाक नेऊन तिनं नाव वाचलं, मग बोटानं एकेक अक्षर चाचपलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यापुरतं मला वाटलं, जाऊ दे, खोटं तर खोटं, म्हातारीला मिळालं ना.

मग प्रात्यक्षिक सुरू झालं. हल्लीचे कॅडेट एकामागून एक वर चढून उड्या मारायला लागले. धप्प, धप्प, सगळं शिस्तीत. मग एक पोरगा टोकाला गेला आणि थांबला. मागे सरकला. दोन्ही हातांनी कठडा धरला.

बॅचचे म्हातारे खुशीत आले. "अरे, मार! मार की!" शिट्ट्या सुरू झाल्या. आणि माझ्या शेजारी आई काठीवर जोर देऊन उठली. तिचा आवाज एवढा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"मार उडी! घाबरतोस काय? नाव वाच खालचं, नाव!"

मी तिचा हात ओढला. "आई, बस." तिनं झटकला.

वर मागच्या दोघा कॅडेटनी एकमेकांकडे बघितलं. ते पुढे झाले, त्याचे हात सोडवले आणि दिला ढकलून. पोरगा किंचाळत खाली आला. पाणी उडालं. मी खुर्चीतून उठले. पण तो वर आला, खोकत, नाक शिंकरत. सगळे हसले. चष्मा तर मांडीवर थापा मारत होता.

"अगदी असंच!" तो जनरलला म्हणाला. "आठवतं का रे? दगडाला आपण अगदी अस्संच..."

आणि तिथे त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याचं त्यालाच आठवलं. चेहरा पांढराफटक पडला, बघवत नव्हता. जनरल बुटाकडे बघायला लागला.

आई त्यांच्याकडे वळली. "ढकललंत?"

चष्म्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"त्यानं नाही मारली?"

माझा बांध फुटला. चाळीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं, बँडवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "नाही मारली! घाबरला होता तो! कठडा धरून उभा होता. यांनी त्याची बोटं सोडवली, आई, एकेक! मारलं यांनी त्याला!"

मला वाटलं ती आता कोसळेल. मी दोन्ही हात पुढे केले होते. मला वाटलं काठी उचलेल, जनरलच्या टाळक्यात घालेल, आणि देवाशपथ, मी तिला आणखी एक काठी आणून दिली असती.

तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांपूर्वी ताटावरून उठताना बघितलं होतं ना, तसं.

"धरलाच कशाला होता कठडा?" ती म्हणाली.

पुढे केलेले हात मी मागे घेतले. चष्मा रडायला लागला होता, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. तिनं शाल सारखी केली आणि जनरलला म्हणाली, "नाव काढा ते."

"आई, अहो, असं काय करता... आणि तुम्ही दिलेली वर्गणी..."

"वर्गणी राहू दे. मनोरा चांगला झालाय," आई म्हणाली. "नाव तेवढं काढा."