चौथीच्या वर्गापुढे

शांतिनाथने अंगठ्याने आणखी पाच नावं निवडली आणि क्षमेचा मेसेज पुढे पाठवला. मोबाइल एका वेळी पाचांच्या वर जाऊ देत नाही, म्हणून बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, अभिषेक उरकून आल्यापासून तो यार्डातल्या आपल्या हळदीच्या दुकानाच्या गादीवर बसून पाच-पाच जण गाठत होता. कुंडलकडचे शेतकरी झाले, निपाणीचे पाहुणे झाले, टायरवाला, दातांचा डॉक्टर, दोन नगरसेवक झाले. पर्युषण संपलं की वर्षभरात ज्यांना ज्यांना दुखावलं असेल त्यांची माफी मागायची, ही जैनांची जुनी रीत. त्याचे वडील त्यासाठी सायकलवरून घरोघर फिरायचे आणि त्यांना आठवडा पुरायचा नाही. शांतिनाथचं नऊच्या आत आटपत आलं होतं. आटपलेलं काम त्याला फार आवडे.

तेवढ्यात मेसेज वाजला. उत्तर संयोगिताबाईंचं होतं, तीर्थाच्या जुन्या शाळेतल्या वर्गशिक्षिकेचं.

'मेसेज पोचला. पण तुम्ही मला काही बोलला नव्हता. बोललात ते चौथीच्या वर्गाला. आज शनिवार, शाळा साडेअकरापर्यंत आहे.'

"घ्या!" शांतिनाथ म्हणाला. "आता बाईमाणूस आमाला फोनवरनं समन्स काढायला लागलं."

पोत्यांच्या थप्पीवर बसून गृहपाठ करणारी तीर्था खाली उतरली आणि खांद्यावरून वाचू लागली. तिच्या नव्या शाळेला शनिवारी सुट्टी असे.

जूनमध्ये शांतिनाथने तिला मार्केट यार्डामागच्या पालिकेच्या शाळेतून काढून सिस्टरांच्या शाळेत घातलं होतं. त्या निर्णयाबद्दल त्याला तेव्हा शंका नव्हती, आजही नव्हती. पिवळी बस दारात यायची, पोरगी तीन महिन्यांत इंग्रजी वाचायला लागली होती, आणि पर्युषणातल्या उपवासाला सिस्टरांनी आपणहून सुट्टी दिली होती. "तिथं येशूची प्रार्थना म्हणायला लावत्यात," असं भावकीतल्या कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा त्याची आई आक्काताईच फटकन म्हणाली होती, "देवाचंच नाव घेतंय न्हवं पोरगं? कुणाच्या नावानं शिव्या तर देत न्हाई?" विषय तिथंच मिटला होता.

चुकलं होतं ते दाखला आणायला गेला तेव्हा. सौद्याची वेळ झालेली, मुख्याध्यापक जागेवर नाहीत, आणि वर्गाच्या दारात बाईंनी विचारलं, "का नेताय हो? हुशार आहे पोरगी." नीट उत्तर द्यायला पाच मिनिटं लागली असती. त्याने कडाडून एका वाक्यात दिलं. "इथं ठिवली तर या पोरांच्यात बसून हमालीच करंल ती!" आत चाळीस पोरं ऐकत होती. यार्डामागची शाळा ती, तिथं हमालांची पोरं नसणार तर काय कलेक्टरची? त्यांच्यातच राजेश्वरी होती. तिचा बाप आकाराम चौदा वर्षं शांतिनाथच्याच दुकानात पोती उचलत होता, आणि पहिलीपासून तीर्था तिच्याच बाकावर बसायची.

"पप्पा, चला," तीर्था म्हणाली.

"अगं, पाठवलाय की मेसेज. पोचलासुदिक."

"मी जूनपासनं राजेश्वरीशी बोलले नाही."

"का? भांडलीस काय?"

"नाही. ती तिच्या पप्पांचा डबा घेऊन दुकानात येते तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसते." तीर्थाने वहीचं पान मुडपलं. "तुम्ही बोललात तसं, आणि मी कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?"

आपल्यामुळे आपली पोरगी लपून बसते, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो उठला, टोपी नीट केली आणि चपला शोधू लागला.

"चल. दोन मिनटाचं काम हाय."

वाटेत त्याने किलोभर पेढे घेतले. तीर्था शेजारून चालत होती.

"आमच्या शाळेत तर रोज म्हणतात हे," ती म्हणाली. "सकाळच्या प्रार्थनेत. आम्हाला माफ कर, जसं आम्ही दुसऱ्यांना करतो तसं."

"रोज?" शांतिनाथ खूश झाला. "बघ, आपलं वर्षातनं एकदा. चांगली शाळा हाय तुझी."

वर्गात भागाकार चालला होता. संयोगिताबाईंनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि त्याला आत घेतलं. पोरांनी उभं राहून लांबलचक नमस्ते म्हटलं. तीर्था उंबऱ्याशीच थांबली.

शांतिनाथने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि हात जोडले. सौद्यात चारशे माणसांत पोचणारा आवाज तो.

"मुलांनो, वर्षभरात कळत-नकळत माझ्याकडनं काय चुकलं असंल, तर उत्तम क्षमा!"

मागच्या बाकावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. झालं. तो वळला.

"काय चुकलं तेही सांगा," बाई म्हणाल्या. "मी यांचंसुद्धा नुसतं उत्तर घेत नाही. रीत लिहायला लावते."

बाई चेष्टा करत नव्हत्या. त्याने घसा साफ केला.

"जूनमध्ये मी हितं म्हणालो, की तीर्थाला या शाळेत ठिवली तर हमाली करंल म्हणून."

रागाची त्याने तयारी ठेवली होती. एखादं पोरगं रडेल, हेही गृहीत धरलं होतं. पण वर्ग नुसता बघत राहिला. मग तिसऱ्या बाकावरून राजेश्वरी उठली.

"काका, पोरी हमाली न्हाई करत," ती समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "पोरी हळद निवडत्यात."

वर्ग हसला. "पोत्याखाली चेंगरंल की ती!" कुणीतरी ओरडलं.

"माझे पप्पा हमाल हायत," राजेश्वरी म्हणाली. "ह्याचे बी हायत, हिचे बी. मग तुमी माफी कशाची मागताय?"

सुटका समोर उभी होती. पोरं हसत होती, कुणाला काही लागलेलंच नव्हतं. पेढे वाटायचे आणि साडेदहाच्या आत दुकानात. शांतिनाथने दाराकडे पाहिलं. तीर्था मान खाली घालून उभी होती, म्हणजे तिला सगळं लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पोटच्या पोरीपुढे लाज वाटली, आणि ती खरी लाज होती.

"हमाली म्हंजे कमीपणा, असं धरून बोललो मी," तो म्हणाला. आवाज आपोआप खाली आला होता. "तुमच्या पप्पांसारखं तिच्या नशिबी येऊ नये, असं."

हसू थांबलं. पुढच्या बाकावरच्या पोराने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने फळ्याकडे. शांतिनाथच्या ध्यानात आलं, की इतका वेळ ही गोष्ट या पोरांना ठाऊकच नव्हती. ती आत्ता त्यानेच त्यांना सांगितली होती, हात जोडून. बोललो नसतो तर बरं होतं, असं त्याला वाटलं. पण न बोलता माफी तरी कशाची मागायची, तेही समजेना.

राजेश्वरी खाली बसली नाही. तिचा चेहरा मात्र बदलला होता.

"आणि आता?"

"आता काय?"

"आता बी तसंच वाटतंय तुमाला?"

'न्हाई' जिभेवर तयार होतं. हळदीचा चढा दर सांगताना शांतिनाथची पापणी लवत नाही, असं सगळा यार्ड म्हणतो. बाईसुद्धा त्या 'न्हाई'ची वाट बघत असाव्यात, कारण त्यांनी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला घेतली होती. पण सोमवारी सकाळी तीर्थाला पिवळ्या बसमध्ये आपणच चढवणार, बस वळेपर्यंत उभं राहणार, आणि आपली पोरगी हितनं सुटली म्हणून मनातून सुखावणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कालपर्यंत त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"वाटतंय," तो म्हणाला. "जायला पायजे मनातनं. अजून गेलं न्हाई."

बाईंचा हात दोरीवर थांबला. तीर्थाने मान वर केली. मग ती उंबरा ओलांडून आत आली, बाकांच्या मधून सरळ गेली आणि राजेश्वरीच्या शेजारी बसली. तिथं बसलेली मुलगी पलीकडे सरकली. राजेश्वरीने तीर्थाकडे एकदा पाहिलं, आपली गणिताची वही दोघींच्या मध्ये सरकवली आणि पुन्हा शांतिनाथकडे तोंड केलं. ती विचार करत होती. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, आणि शांतिनाथही हात जोडून तिच्याचकडे बघत होता.

"मग आज माफी न्हाई देत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "फुडच्या वर्षी या. आमी पाचवीत असू तवा. वर्ग माडीवर हाय."