एकीच्या बदल्यात तीन

चेंडूची लाल शिवण बोटांखाली किंचित उसवलेली लागली, तरी शिवकन्येनं तो बदलून मागितला नाही — समोर, सिरसाळ्याच्या मुलींमागे, विजयसिंह खुर्ची टाकून बसले होते, आणि तिला त्यांच्याकडे बघतच फेकायचं होतं.

सिरसाळ्याचा बेसबॉल संघ त्यांचा, मैदान त्यांच्या रानातलं, आणि तीही त्यांचीच असल्यासारखी... ज्या वर्षी जिल्ह्यात तिचा चेंडू कुणाच्या बॅटला लागत नव्हता, नेमकं त्याच वर्षी त्यांनी तिला वडवणीच्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात तीन नव्या पोरी घेतल्या. तिला ते कळलं बसस्टँडवर, दुसऱ्यांच्या तोंडून. हिचा खांदा कुठवर टिकणार, पोरी वाढतील, असं म्हणाले होते म्हणे. तेव्हापासून ती त्या तिघींची खबर ठेवत आली होती. एकीचं लग्न झालं — बरं झालं. दुसरी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली ती मैदानावर परतलीच नाही — बरं झालं. उरली रोहिणी. ती आज ढेपाळली की सौदा पुरता बुडाला, आणि तो बुडताना मी त्यांचा चेहरा बघणार...

रोहिणी बॅट घेऊन उभी राहिली. पहिला चेंडू शिवकन्येनं मुद्दाम तिच्या हनुवटीजवळून काढला. पोर मागे कोसळली, उठली, गुडघे झटकून पुन्हा उभी राहिली. पुढचे तिन्ही तिला दिसलेसुद्धा नाहीत; तिसरा हुकला तशी ती बाद झाली. खुर्चीतल्या विजयसिंहांनी मान खाली घातली.

वडवणी जिंकली. सामना संपल्यावर ते स्वतः चालत आले. मागे रोहिणी बॅटी पिशवीत भरत होती.

"तवा चुकलंच आमचं," ते म्हणाले. "परत ये, शिवकन्या. वडवणीवाल्यांशी बोललोय. बदल्यात रोहिणी देऊ."

हे ऐकायला ती कितीदा, भाकरी थापताना, एसटीत, मनातल्या मनात उभी राहिली होती — उत्तर तयार होतं, शब्दन् शब्द. रोहिणीचा हात पिशवीवर थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"तिला इचारलं का?" शिवकन्येच्या तोंडून गेलं. हे त्या उत्तरात नव्हतंच.

"तिला काय इचारायचं?" ते सहज म्हणाले.

राग कमी झाला नाही, उलट वाढलाच... पण इतकी वर्षं तो तिच्या एकटीचा होता, तिनं जपलेला, कुणाला न दिलेला. आता त्यात ही पोरगी न विचारता शिरून बसली होती, गुडघ्यांना शिवकन्येच्याच चेंडूपायी माती लागलेली — आणि विजयसिंहांकडे रोखलेली आपली नजर मधेच कुठंतरी आपल्याकडेच वळते आहे असं वाटून शिवकन्येला आधी कुणाकडे बघावं तेच कळेना.